मोडशी आणि साडेतीन वाव

वसंतातील व्याख्यानाला पोटाचा विषय घ्यावा, आणि तोही वसईत, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वसईच्या श्रोत्याची अपेक्षा ठरलेली असते. १५३४ चा तह, पोर्तुगीजांचे वैभव, चिमाजी अप्पांचा वेढा, १७३९ चा मे महिना, आणि शेवटी येथून देशावर गेलेल्या चर्चच्या घंटा. एवढे झाले की तो तृप्त होऊन घरी जातो. आम्ही त्याला अगदीच निराश करणार नाही. किल्ल्याचा काळ आमच्याही व्याख्यानात येईल. मात्र त्याच्या दरवाजातून तोफेऐवजी कांजीचे भांडे बाहेर येईल.

आरंभ एका शब्दापासून करू. ‘मोडशी’ हा शब्द आपल्या घरात अजून जिवंत आहे. लग्नघरी चार घास जास्त झाले, फणस बाधला, पोट बिघडले, की घरातले वृद्ध माणूस म्हणते, मोडशी झाली. सुंठ उगाळून द्या, ओवा चावायला द्या. शब्द आता सौम्य झाला आहे. एखादा जुना फौजदार पेन्शनीत निघाल्यावर नातवंडांशी खेळावा, तसा तो घरगुती आजारांत रमला आहे. परंतु पावणेपाचशे वर्षांपूर्वी याच शब्दाने गोव्यातील माणसे चळचळा कापत होती. ज्या रोगाला पुढे पटकी, महामारी, कॉलरा अशी नावे मिळाली, त्याचे कोकणातील नाव मोडशी हे होते. माणूस मोडतो म्हणून मोडशी.

आमच्या लहानपणीची एक रात्र आमच्या कानांतून अजून गेलेली नाही. पावसाळा होता. आमच्या घराजवळच्या बावखलापलीकडे एक घर होते. तेथल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला दुपारपासून जुलाब-वांत्या सुरू झाल्या. रात्रभर तो पाणी मागत होता, आणि घरातील वडील मंडळी त्याचे ओठ ओल्या फडक्याने पुशीत होती. पाणी देत नव्हती. दिलेले पाणी सगळे खालून जाते, मग आणखी कशाला द्यायचे, असा त्यांचा हिशेब होता. त्यात निर्दयपणा नव्हता. आई तर भिंतीशी तोंड करून बसली होती. पहाटे हाक थांबली.

तो हिशेब कोठे चुकला हे समजायला आम्हाला पुढे बरीच वर्षे लागली. वैद्यकाला तर शतके लागली होती. आजचा आमचा विषय तो हिशेब हाच आहे. आणि तो मांडण्यापूर्वी ज्या घरात ही देवघेव चालते ते घर एकदा हिंडून पाहिले पाहिजे.

आगाशीच्या सुकेळ्याचा एक तुकडा आपण तोंडात टाकला आहे असे समजा. दात त्याचा चोथा करतात, लाळ त्याला भिजवते, आणि पिठूळ पदार्थाची साखर करण्याचे काम तेथेच सुरू होते. भाकरी पुष्कळ वेळ चावली की गोड लागू लागते, ते यामुळे. मग घास अन्ननलिकेत उतरतो. ही नळी साधारण वीतभर लांबीची, आणि ती नुसती पन्हळ नव्हे. तिचे स्नायू मागून आवळत घास पुढे ढकलतात. म्हणून शीर्षासन करणाऱ्याने घास गिळला तरी तो जठरातच जातो. (हा प्रयोग श्रोत्यांनी घरी करून पाहावा असे आम्ही सुचवीत नाही.)

जठर म्हणजेच पोट अशी सर्वांची समजूत असते, आणि जठराला फार मोठा मानही दिला जातो. वास्तविक ते कोठार आणि पाटावरवंटा या दोहोंचे काम करते. दीड लिटरपर्यंत माल ते सहज सामावून घेते, त्यात तीव्र आम्ल ओतते, दोन-चार तास घुसळते, आणि झालेली आंबील थोडीथोडी पुढे सोडते. हे काम जिवंत माणसात पाहण्याचा योग एका अपघाताने आला. १८२२ साली उत्तर अमेरिकेत अलेक्सिस सें मार्तँ नावाच्या तरुणाच्या पोटात अगदी जवळून बंदुकीचा बार शिरला. तो वाचला, पण जठराला बाहेरून एक छिद्र कायमचे राहिले. विल्यम बोमंट या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे नि भाजीचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून पाहिले, आणि १८३३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मेलेल्या शरीरावर शंभर वर्षे सुरी चालवून जे कळले नसते, ते एका जिवंत छिद्राने दाखविले. हा मुद्दा श्रोत्यांनी गाठीला बांधून ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

खरा कारखाना जठराच्या पुढे आहे. लहान आतड्याच्या पहिल्या वळणात यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतात. या वळणाला अलेक्झांड्रियातील हिरोफिलस या ग्रीक वैद्याने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास ‘बारा बोटे’ असे नाव दिले, आणि युरोपातील वैद्यकात ते लॅटिनमधून आजतागायत चालू आहे. आपल्या सुकेळ्याची साखर, भाकरीचे पीठ, डाळीचे सत्त्व, तेलाचा अंश, सर्वांचे बारीक बारीक कण येथे होतात आणि आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात. ही भिंत गुळगुळीत नाही. मखमलीवर लव असावी तसे तिच्यावर लक्षावधी रसांकुर उभे असतात, आणि त्यांच्या पेशींवर त्याहून बारीक लव असते. या साऱ्या घड्या उलगडून पसरल्या तर अलीकडच्या मोजणीप्रमाणे तीस-चाळीस चौरस मीटरची जागा भरेल. म्हणजे विरारला नोकरदार माणूस कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेतो, साधारण तेवढी. मोठे आतडे सुमारे दीड मीटरचे. तेथे उरलेसुरले पाणी शोषले जाते, असंख्य जंतू सुखाने नांदतात, आणि जे नको ते बाहेर टाकले जाते. त्याविषयी अधिक बोलण्याची ही वेळ नव्हे. व्याख्यानानंतर अल्पोपाहार आहे.

आता पाण्याची जमाखर्चाची वही उघडू. प्रौढ माणूस अन्नपाण्यातून दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी घेतो. परंतु लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा रस मिळून शरीर आपल्या पदरचे सुमारे सात लिटर याच नळीत ओतते. एकूण नऊ. त्यातील शौचावाटे जाते ते शेदोनशे मिलिलिटर. बाकी सर्व, मुख्यतः लहान आतडे, परत घेते. म्हणजे ही नळी गटार नसून भरती-ओहोटीची खाडी आहे. रोज सात लिटर बाहेर, रोज सात लिटर आत. भरती चालू राहिली आणि ओहोटी थांबली, तर माणसाचे काय होईल याची कल्पना खाडीकाठी राहणाऱ्यांना वेगळी द्यावयास नको.

हे आतडे आपल्याकडे मोजलेले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पुरुषाचे आतडे साडेतीन व्याम, स्त्रीचे त्याहून अर्धा व्याम कमी, असे माप दिले आहे. व्याम म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. अर्नाळ्याचे कोळी दोर मोजताना जो ‘वाव’ म्हणतात तोच हा व्याम. साडेतीन वाव म्हणजे वीस फुटांच्या आसपास. मृत शरीरातील लहान आतडे आजही मोजले तर साधारण वीस-बावीस फूट भरते. सुश्रुताची रीतही सांगण्यासारखी आहे. प्रेत गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे, आणि मग वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहायचा. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात शरीर स्वतः पाहिल्याशिवाय शल्यवैद्य होता येत नाही असे सांगणारा हा मनुष्य होता. दुर्दैवाने पुढे ग्रंथाचे पाठांतर राहिले आणि कुंचा गेला. हा दोष एकट्या आपला नव्हे. युरोपातही तेराशे वर्षे गॅलनचे पाठांतरच चालू होते, आणि गॅलनने तर माकडे नि डुकरे फाडून माणसाचे शरीर वर्णिले होते. १५४३ साली बाझल येथे व्हेसेलियसचा सचित्र शारीरग्रंथ छापला गेला, तेव्हा कोठे तेथल्या वैद्यांनी पुस्तकाऐवजी प्रेताकडे पाहण्यास सुरुवात केली.

आणि नेमक्या त्याच १५४३ साली, गोव्यात एक प्रेत उघडण्यात आले.

ही हकीकत गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. १५१२ पासून तो हिंदुस्थानात होता. त्याने डोळ्यांदेखतचा इतिहास लिहिला. तो म्हणतो, त्या वर्षीच्या हिवाळ्यात गोव्यात रोग पसरला. (पोर्तुगीज आपल्या पावसाळ्याला हिवाळा म्हणत.) इथले लोक त्याला ‘मोर्शी’ म्हणतात, आणि तो अंगावरच्या तान्ह्यापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही सोडीत नाही. पोटात विष घेतल्यासारख्या कळा, हातापायांत गोळे, डोळे खोल गेलेले, नखे काळी पडलेली. माणसे इतकी मरू लागली की चर्चची घंटा सारखी वाजून शहराचा धीर सुटेल म्हणून गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सौझा याने मृतांसाठी घंटा वाजविण्यास बंदी केली. मग इस्पितळात एक मनुष्य या रोगाने मेला, तेव्हा गव्हर्नराने सर्व जाणत्या वैद्यांना बोलावून त्याचे शरीर उघडावयास लावले.

त्यांना काय दिसले? काहीच नाही. इंद्रिये ठीक होती. फक्त जठर आक्रसून कोंबडीच्या पेट्याएवढे झाले होते आणि विस्तवावर धरलेल्या कातड्यासारखे त्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा आम्हाला त्या वैद्यांची कीव आली. समोर आख्खा पुरावा उघडा पडलेला, आणि हे म्हणतात काही दिसत नाही! आता आम्ही ती कीव परत घेतो. त्याचे कारण पुढे येईल.

त्या गव्हर्नराचा खासगी वैद्य होता गार्सिया द ऑर्ता. १५३४ च्या सप्टेंबरात तो सौझाबरोबर गोव्यात उतरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, म्हणजे हा आणि पोर्तुगीज वसई जवळजवळ एकाच वेळी जन्मास आले म्हणावयाचे. उत्तर कोकण त्याने पाहिले, साष्टीतील आणि घारापुरीची लेणी पाहून त्याविषयी लिहिले, आणि पुढे वसईच्या अमलाखालचे मुंबई बेट त्याने सरकारकडून खंडाने घेतले. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा औषधिसंवाद हे या देशात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक. त्यात मोडशीवर एक स्वतंत्र संवाद आहे. तो सांगतो की हिंदी लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात, आम्ही बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. पुढे फ्रेंचांनी तो आणखी बिघडवून आपल्या भाषेतील ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाच्या शब्दांत बसविला. उच्चार जुळला एवढ्यावर त्यांनी अर्थ लावला; आणि रोग असा की कोणाला त्यात विसंगती दिसली नाही.

ऑर्ता मोठा चौकस मनुष्य. युरोपात शिकलेला असूनही इथल्या वैद्यांकडे तो तिऱ्हाईतासारखा पाहत नाही. विचारतो, ताडतो, कधी नावे ठेवतो, कधी उचलून घेतो. मोडशीच्या रोग्याला हे लोक काय देतात? तांदळाचे गाळलेले पाणी, मिरी आणि जिरे घालून. त्याला ते ‘कांजी’ म्हणतात. हा तपशील त्याने लिहून ठेवला, आणि कोकणातील चुलीवरचे भांडे जगाच्या वैद्यकाच्या वाङ्मयात गेले. कांजीखेरीज दुसरे उपायही चालत, हेही सांगितले पाहिजे. तापलेल्या लोखंडाने टाचेला डाग देण्याची रीत पुढच्या शतकातील युरोपीय प्रवाशांनीही लिहिली आहे. कांजी आणि डाग, दोन्ही एकाच विश्वासाने. ऑर्ता १५६८ साली वारला. तो ज्यू कुळातला; १५८० साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. या काळाची वसई आपल्याला नीट दाखविणारे १८७६ चे पुस्तक ज्यांनी लिहिले ते गेर्सन द कुन्हा हेही धंद्याने डॉक्टरच होते, हा योगायोग आम्हाला नेहमी गोड वाटत आला आहे.

मध्यंतरीची अडीचशे वर्षे आम्ही ओलांडतो. १८१७ साली बंगालात पटकी उठली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईस पोहोचली. तेथून जहाजांबरोबर जगभर. जरीमरीची देवळे गावोगाव उभी राहिली. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने रोग पाण्यातून येतो हे दाखविले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये पाचिनी याने मृतांच्या आतड्यात स्वल्पविरामासारखा जंतू पाहिला, पण त्याचे कोणी ऐकले नाही. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख याने तो पुन्हा पकडला, तेव्हा जगाने ऐकले.

जंतू सापडला, तरी तो करतो काय हे कळेना. रोग्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतात, त्यात पांढरे कण तरंगतात. युरोपातील मोठमोठ्या पंडितांनी मेलेल्या रोग्यांची आतडी पाहिली, आतील अस्तर सुटून आलेले दिसले, आणि निर्णय दिला की जंतू आतड्याची सालच सोलून काढतो. ते कण म्हणजे ती साल. या निर्णयाचे परिणाम केवळ पुस्तकी नव्हते. आतड्याला अस्तरच नाही म्हटल्यावर तोंडाने पाणी देऊन उपयोग काय? शोषणार कोण? शिरेतून खारे पाणी देणे हाच उपाय उरला. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उपायाने मृत्यू पुष्कळ कमी केले. पण त्याला सुई हवी, निर्जंतुक पाणी हवे, इस्पितळ हवे. बावखलापलीकडच्या घरात यांतले काय होते?

निर्णय चुकीचा होता. आतड्याचे अस्तर मृत्यूनंतर काही तासांत आपोआप सुटते. पंडितांनी मरणाचा परिणाम रोगाच्या नावावर टाकला होता. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात, जंतू पूर्ण गाळून काढलेला द्रव सोडला, आणि जंतूवाचूनही आतडे पाण्याने तट्ट फुगले. म्हणजे जंतू सोलीत नाही, कुरतडीत नाही. तो एक विष सोडतो, आणि त्या विषाने आतड्यातील खारा रस ओतणारी दारे उघडी ती उघडीच राहतात. पाणी त्या क्षारामागोमाग जाते. प्रौढ माणसाचे तासाला लिटरभर पाणीसुद्धा असे जाऊ शकते. पुढच्याच वर्षी, १९६० साली, बँकॉक येथील जिवंत रोग्यांच्या आतड्यातून बारीक नळीने काढलेल्या तुकड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. अस्तर जागच्या जागी होते. रसांकुर उभे होते.

गोव्यातील त्या अनामिक वैद्यांनी १५४३ साली हेच सांगितले होते. इंद्रियांत बिघाड नाही. फक्त सारे सुकून गेले आहे. मागून येणाऱ्या पंडितांनी जे नव्हते ते पाहिले, यांनी जे होते तेवढेच पाहिले. पण रचना शाबूत आणि काम बिघडलेले, असा रोग असू शकतो हे सुरीने दिसणारे नव्हते.

मग अस्तर शाबूत आहे तर ते पाणी परत का घेत नाही? येथे आमच्या हिशेबाची शेवटची रक्कम येते. आतड्याच्या पेशीत मीठ आत घेण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. विषाने त्यांतील एक बंद पडते. दुसरी वाट जोडीची आहे: मिठाचा अंश आणि साखर एकमेकांचा हात धरून आले, तरच ती उघडते. रॉबर्ट क्रेन याने १९६० साली ही जोडी मांडली. आणि ही वाट पटकीतही उघडीच राहते. नुसते पाणी द्या, ते राहत नाही. नुसते मीठ द्या, त्याने जुलाब वाढतात. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र द्या, ती जोडीने आत शिरतात आणि पाण्याला मागोमाग ओढून नेतात. जुलाब लगेच थांबत नाहीत. पण जाते तितके परत येत राहते, आणि माणूस जगतो.

ज्या तालुक्यात आगगाडीच्या दोन्ही अंगांना मिठागरे दिसत आणि ज्याच्या वाड्यांतला ऊस एके काळी नावाजलेला होता, तेथे ही गोष्ट सांगताना आमचा आवाज दर वेळी थोडा अडखळतो. त्या घरात मीठ होते. गूळही होता.

कांजीचे काय? तांदळाचे पीठ आतड्यात फुटून साखरच होते, आणि एकदम न होता हळूहळू होते. १९८० नंतरच्या दशकात ढाक्यातील डॉक्टरांनी तांदळाचे पाणी व क्षार यांची पेये पटकीच्या रोग्यांना देऊन पाहिली, आणि ती चांगली ठरली. म्हणून आमचे काही मित्र लगेच म्हणतात की आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते. आम्हाला ते पटत नाही. सर्व ठाऊक असते तर टाचेला डाग दिला नसता, आणि त्या मुलाचे पाणी तोडले नसते. पूर्वजांजवळ एक चांगले भांडे होते. ते चांगले का, हे ठाऊक नसल्यामुळे ते नेमक्या वेळी हातातून सुटले.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित सरहद्द ओलांडून आले, आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. इस्पितळाच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आलेले. डॉ. दिलीप महलनबीस यांनी कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या: लिटरभर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. ते मिश्रण तोट्या लावलेल्या पिंपांत कालविले. परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. त्या आधी शंभरात तीसच्या घरात माणसे दगावत होती. या उपचाराखाली चाराहून कमी दगावली. पिंपाच्या तोटीखाली पेला धरायचा, भरायचा, आणि जमिनीवर पडलेल्या आपल्या माणसाच्या तोंडाला लावायचा. रिकामा झाला की पुन्हा रांगेत उभे राहायचे. हे काम तेथे घरच्या माणसांनी केले.